अंगावर काढलेले दिवस



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना सगळा तालुका ‘नर्सबाई’ म्हणूनच ओळखत होता. मीही आज त्यांना तसंच म्हणणार आहे. एम.डी. होऊन मी इकडे आले तेव्हा महिन्यातून एकदा त्यांच्या उपकेंद्रावर गरोदर बायकांना तपासायला जात असे. पहिल्याच खेपेची गोष्ट. नवरात्र तोंडावर आलं होतं. सातवा महिना लागलेली एक बाई समोर येऊन बसली. डोळे लाल, नाक चोंदलेलं, आवाज बसलेला. मी विचारलं, “काय होतंय?” ती म्हणाली, “काय न्हाय. निस्ती सर्दी हाय.” मी पोट तपासलं, बाळाचे ठोके ऐकले, रक्तदाब घेतला. सगळं ठीक होतं आणि मी कार्डावर तसं लिहूनही टाकलं. मागे उभ्या असलेल्या नर्सबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “कवापासनं अंगावर काढतीयास?”

ती म्हणाली, “बेंदरापासनं.”

बेंदूर ते नवरात्र म्हणजे जवळजवळ तीन महिने. तीन महिने ती बाई उशाला वाकळा रचून, अर्धवट बसून झोपत होती. पहाटे उठल्यावर वीस-पंचवीस शिंका, मग दिवसभर पदराने नाक पुसणं, आणि संध्याकाळी डोकं जड. माझ्या प्रश्नाला ‘काय न्हाय’ हे उत्तर मिळालं होतं. नर्सबाईंच्या प्रश्नाला तीन महिने बाहेर आले. तो प्रश्न मी त्या दिवशी शिकले आणि पुढची चौतीस वर्षं तोच विचारत आले.

‘अंगावर काढणं’ हा आपल्या भाषेतला फार खोल शब्दप्रयोग आहे. दुखणं आलं, त्याचं नावही घेतलं नाही, औषधही घेतलं नाही, ते आपल्याच अंगावर झेललं आणि दिवस पुढे ढकलले, एवढं सगळं त्यात येतं. आणि गरोदरपणालाही आपण ‘दिवस’च म्हणतो. दिवस राहिले, दिवस गेले, दिवस भरले. या दिवसांत बाईला जे छोटे छोटे त्रास होतात, त्यातही शिंका, सर्दी, खाज, दम असे ऋतूबरोबर येणारे, त्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे. विषय किरकोळ वाटेल. तो तसा वाटतो, म्हणूनच मी तो निवडला.

आधी ऋतूंबद्दल बोलते. लंडनच्या जॉन बोस्टॉक या डॉक्टरांनी १८१९ मध्ये स्वतःच्याच दुखण्याचं वर्णन वैद्यकमंडळापुढे वाचलं. दर वर्षी जून महिन्यात डोळे चुरचुरतात, नाक वाहतं, शिंका येतात, छाती भरते. तिथून पाठ्यपुस्तकांत शिरलेला ॲलर्जीचा ऋतू म्हणजे त्यांचा उन्हाळा. आमच्या पिढीनेही तोच पाठ केला. आपल्याकडचं पंचांग निराळं आहे. पाऊस ओसरू लागला की गवतं फुलोऱ्यावर येतात आणि श्रावणापासून दसऱ्यापर्यंत हवेत गवतांचे परागकण असतात. त्याच सुमारास रस्त्याकडेला गाजर गवत पांढऱ्या फुलांनी भरून जातं. याला कुणी काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटक चांदणी. हे इथलं नव्हे. पुण्यात १९५५ च्या सुमारास त्याची नोंद झाली आणि परदेशातून आलेल्या धान्याबरोबर ते आलं असं मानलं जातं. आज ते नाही असा बांध दाखवा. ते हाताने उपटणाऱ्या बाईच्या मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या लवणीत खाज सुटते आणि त्याच्या परागकणांनी नाकाचंही दुखणं मागे लागतं.

आणखी पुढे या. सोयाबीनची मळणी सुरू होते. मळणी यंत्रातून उडणारा भुस्सा नुसता भुस्सा नसतो, पावसात भिजलेल्या काडावर वाढलेली बुरशी त्यात असते. थंडी संपता संपता वावळाची झाडं फुलतात. कोकणात आणि मुंबईत तर भिंतींची ओल वर्षातले सहा महिने हटत नाही, आणि ओल्या हवेत अंथरुणातले डोळ्यांना न दिसणारे किडे वाढत राहतात. धुळीची ॲलर्जी म्हणतात ती बहुतेक वेळा या किड्यांचीच असते. शहरांत हौसेने लावलेली सातवीण ऑक्टोबरात रात्री दरवळते. पुष्कळांना तो वास सुखाचा वाटतो, पण ज्यांचं नाक आधीच हुळहुळं झालेलं असतं त्यांचं त्याने डोकं धरतं.

या सगळ्याच्या मधोमध येतात घटाची धुणी. आपल्या भागात घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण बाहेर निघतं. माळ्यावरच्या वाकळा, गोधड्या, पडदे. जळमटं काढायची, फडताळं झाडायची, भिंती पुसायच्या. वर्षभराची धूळ दोन दिवसांत घरभर उडते, आणि ती झाडणारी असते घरातली तरणी सून. ती गरोदर असेल तर जड उचलू नको म्हणून तिला नदीवरच्या धुण्यातून सूट मिळते आणि केरसुणी हातात दिली जाते. हलकं काम म्हणून. माझ्याकडे सहा महिने ठणठणीत असलेली बाई नवरात्राच्या आधल्या आठवड्यात दम लागून आली, असं मी दर वर्षी पाहिलं आहे. अशा घरात मी फार काही सांगत नाही. झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला पदर घट्ट बांधा, वाकळा कडकडीत पाण्यात धुऊन उन्हात तापू द्या, आणि जळमटं या वर्षी घरधन्याला काढू द्या.

आता त्या नाकाकडे वळते. गरोदरपणात नाक चोंदण्याला ॲलर्जीच हवी असं नाही. या काळात शरीरातलं रक्त चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढतं, संप्रेरकांची पातळी अनेक पटींनी चढते, आणि नाकाच्या आतलं अस्तर त्यामुळे सुजून फुगतं. साधारण पाचातल्या एकीला शेवटचे दीड-दोन महिने असं चोंदलेलं नाक छळतं आणि बाळंतपणानंतर दोन आठवड्यांत आपोआप मोकळं होतं. त्याला डोळ्यांची खाज नसते, लागोपाठ शिंका नसतात, ताप नसतो. ॲलर्जीचं नाक खाजतं, डोळे सोबत घेऊन येतं, पाण्यासारखं वाहतं आणि बहुधा आधीच्या वर्षीही याच महिन्यात वाहिलेलं असतं. म्हणून मी विचारते, लग्नाआधी माहेरी असताना व्हायचं का? या एका प्रश्नाने निम्मं निदान होतं. दोन्ही दुखणी एकाच नाकात असू शकतात, तेही सांगून ठेवते.

दोन्हींवर पहिला उपाय एकच आहे आणि तो प्रत्येक घरात आहे. पाणी उकळून कोमट करायचं, पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवायचं आणि नाक धुवायचं. जलनेती करणाऱ्यांना हे नवीन नाही. पाणी उकळलेलंच हवं, नळाचं किंवा विहिरीचं तसंच वापरायचं नाही. झोपताना डोकं उंच ठेवायचं. रात्रभर तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा पडलेल्या, चार चार वेळा उठणाऱ्या बाईला यानेही पुष्कळ आराम पडतो. आणि झोप ही काही चैन नाही. पोटात बाळ वाढवणाऱ्या बाईची झोप तीन महिने मोडत असेल तर ती तक्रार किरकोळ सदरात टाकण्याचा अधिकार आम्हा डॉक्टरांना कुणी दिला?

पण यापुढे जाऊन औषधाचं नाव काढलं की घरातलं वातावरण बदलतं. “या दिवसांत औषध नको.” सासू म्हणते, आई म्हणते, शेजारीण म्हणते, आणि खरं सांगायचं तर काही डॉक्टरही म्हणतात. या भीतीची टर मी कधीही उडवणार नाही, कारण ती जगाने फार मोठी किंमत मोजून मिळवलेली भीती आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं झोपेचं औषध बाजारात आलं. इतकं निर्धोक, की गरोदर बायकांनीही मळमळीवर, उलट्यांवर खुशाल घ्यावं, असं सांगितलं गेलं. मग हातपाय नसलेली, खांद्यालाच तळवे फुटलेली बाळं जन्माला येऊ लागली. जर्मनीत विडुकिंड लेंझ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनी १९६१ मध्ये बोट दाखवलं, आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये औषध जर्मनीच्या बाजारातून निघालं. तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बाळांना ते भोवलं होतं. अमेरिकेत मात्र ते विकलं गेलं नाही. तिथल्या औषध प्रशासनात नुकत्याच रुजू झालेल्या फ्रान्सिस केल्सी या बाईंनी पुरावा अपुरा आहे म्हणत परवानगी अडवून धरली. कंपनीने वारंवार तगादा लावला तरी त्या हलल्या नाहीत. मला त्यांच्याविषयी फार आदर आहे, आणि मी शिकवलेल्या प्रत्येक मुलीला मी त्यांचं नाव पाठ करायला लावलं.

तर भीती खरी आहे. पण तिच्या जोडीला दुसरी गोष्टही सांगायला हवी, जी फार थोड्यांना माहीत असते. गरोदरपणातल्या उलट्यांवर आपल्याकडे सर्रास दिली जाणारी गोळी म्हणजे डॉक्सिलामिन आणि ब-६ जीवनसत्त्व. अमेरिकेत ती १९५६ पासून मिळत होती. थॅलिडोमाइडनंतरच्या घबराटीत तिच्यावरही खटल्यांवर खटले भरले गेले आणि १९८३ मध्ये कंपनीने ती गुंडाळली. तिने बाळात व्यंग येतं असा पुरावा तेव्हाही नव्हता, नंतरच्या मोठ्या पाहण्यांतही मिळाला नाही. ती बंद झाल्यावर व्यंग घेऊन जन्मणाऱ्या बाळांचं प्रमाण कमी झालं नाही. उलट्यांनी गळून दवाखान्यात भरती होणाऱ्या बायका तेवढ्या वाढल्या. २०१३ मध्ये तीच जोडी तिथे पुन्हा आली. आता लक्ष द्या, हे डॉक्सिलामिन मुळात ॲलर्जीवरच्या गोळ्यांच्याच घराण्यातलं आहे. शिंका आणणारं हिस्टामिन अडवणारं औषध. म्हणजे उलट्यांसाठी जी गोळी सासूबाई स्वतः आठवणीने हातावर ठेवतात, तिच्या सख्ख्या बहिणीला त्या शिंकांसाठी घरात घेत नाहीत.

सेटिरिझिन, लोरॅटाडिन या गोळ्या लाखो गरोदर स्त्रियांनी घेतल्या आहेत आणि त्यांचा अनुभव आश्वासक आहे. नाकात मारायच्या स्टेरॉइडच्या फवाऱ्याचा फारच थोडा अंश रक्तात जातो. ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकून बाई घाबरते, म्हणून मी बाटली तिच्या हातात देऊन समजावते. औषध कोणतं, किती आणि कोणत्या महिन्यात, हे तिच्या डॉक्टरांनी तिला पाहून ठरवायचं. इथून नावं ऐकून कुणी दुकानात जाऊ नये. पण ‘या दिवसांत काहीच घेता येत नाही’ हे वाक्य खोटं आहे, एवढं मी या व्यासपीठावरून ठामपणे सांगते.

या वाक्याने काय होतं ते मी पाहिलं आहे. लहानपणापासून दमा असलेली एक मुलगी. शिकलेली, कॉलेजात नोकरी करणारी. रोज सकाळ-संध्याकाळ पंप घेत होती आणि त्यावर धडधाकट होती. डोहाळजेवण झालं, रिवाजाप्रमाणे माहेरी गेली. तिथे म्हणाले, पंपाची सवय लागते, बाळालाही जन्मतः लागेल. तिने पंप बंद केला. तो विश्वास तिचा नव्हता, पण सातव्या महिन्यात माहेरच्या सगळ्यांशी वाद घालायला बळ कुठून आणायचं? सुगीचे दिवस, घराला लागून खळं. पंधराव्या दिवशी मध्यरात्री तिला जीपमधून आणलं. बोलताना एका श्वासात दोन शब्दही बसत नव्हते. ओठ निळसर झालेले. प्राणवायू लावला, मशीनची वाफ दिली, इंजेक्शनं दिली. पहाटेपर्यंत तिचा भाऊ जिन्यात बसून होता.

ती वाचली. बाळ पुढे महिनाभर आधी झालं, एकोणीसशे ग्रॅमचं. तेही जगलं, आज ते बारावीत आहे. पण ती रात्र टाळता येण्यासारखी होती, म्हणून ती मी विसरू शकलेले नाही. पोटातलं बाळ स्वतः श्वास घेत नाही. त्याचा प्राणवायू आईच्या रक्तातून वारेवाटे येतो. आईची छाती आखडली की आधी कमी पडतं ते बाळाला. गरोदरपणात दमा साधारण एकतृतीयांश जणींचा सुधारतो, तितक्याच जणींचा तसाच राहतो आणि तितक्याच जणींचा बिघडतो. कुणाचा काय होईल हे आधी कळत नाही. बिघडतो तो बहुधा सहाव्या महिन्यानंतर, म्हणजे नेमकी माहेरी जायची वेळ. ब्युडेसोनाइडसारख्या पंपातल्या औषधाचा गरोदरपणातला अनुभव दीर्घ आणि चांगला आहे. धोका पंपाचा नाही, पंप सोडण्याचा आहे. तेव्हा मुलीला माहेरी न्यायला याल तेव्हा ओटीच्या पिशवीबरोबर पंपाचीही पिशवी मागून घ्या.

एकीकडे डॉक्टरांनी दिलेलं औषध भीतीपोटी बंद होतं आणि दुसरीकडे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली ‘सर्दीची गोळी’ बिनदिक्कत पोटात जाते. ती गोळी घरात आधीपासून असते, सगळेच घेतात, म्हणून तिला कुणी औषध मानतच नाही. तिच्यात बहुधा तीन-चार औषधं एकत्र असतात. त्यांतलं नाक मोकळं करणारं औषध रक्तवाहिन्या आवळतं, रक्तदाब वाढवतं आणि पहिल्या तीन महिन्यांत तर टाळलेलंच बरं. नाकात टाकायच्या थेंबांचंही तसंच. तीन-चार दिवसांच्या पुढे गेले की नाक त्यांच्याशिवाय उघडत नाही. डोकं दुखतं म्हणून घेतलेली अंगदुखीची गोळी पाचव्या महिन्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडावर ताण आणू शकते आणि गर्भजल कमी करू शकते. पॅरासिटामॉल मात्र, गरजेपुरतं आणि विचारून, चालतं. काढ्यांबद्दलही एक सांगते. आल्या-तुळशीचा कपभर काढा कुणाला बाधत नाही, पण खोकल्यावर दिवसभर ज्येष्ठमध चघळत राहू नका. ते जास्त झालं तर रक्तदाब वाढवतं आणि या दिवसांत ते टाळावं असाच सल्ला आहे.

आता मी आजच्या विषयाच्या सगळ्यात अवघड भागाकडे येते. ॲलर्जीसारखं दिसणारं सगळंच ॲलर्जी नसतं.

एका बाईला आठव्या महिन्यात खाज सुटली. अंगावर पुरळ नाही, गांधी नाहीत. तळहात आणि तळपाय रात्री इतके खाजत की ती उठून फरशीवर पाय घासत बसे. घरात म्हणाले, पित्त उठलंय. आमसुलाचं पाणी प्यायला दिलं, अंगाला आमसूल चोळलं, खोबरेल लावलं. एका दवाखान्यात ॲलर्जीची गोळी देऊन परत पाठवलं. तीन आठवडे तिने ते अंगावर काढलं. माझ्याकडे आली ती बाळाची हालचाल कळेना म्हणून. तेव्हा ठोके नव्हते.

गरोदरपणात काही जणींच्या यकृतातून पित्ताचा निचरा नीट होत नाही. पित्ताम्लं रक्तात साठतात, त्यांनी ही खाज सुटते. पुरळ नसलेली, तळहात-तळपायांपासून सुरू होणारी, रात्री वाढणारी खाज. बहुतेक जणींत पित्ताम्लं थोडी वाढतात आणि बाळं सुखरूप होतात. पण ती लिटरमागे शंभर मायक्रोमोलच्या वर गेली तर पोटातच बाळ दगावण्याचा धोका खरोखर वाढतो आणि अशा वेळी प्रसूती लवकर करावी लागते. निदान रक्ताच्या तपासणीने होतं. घरच्यांनी त्या खाजेला ‘पित्त’ म्हटलं तेव्हा आपल्या नेहमीच्या बोलण्यातलं, गांधी उठतात तेच पित्त त्यांना म्हणायचं होतं. शब्द मात्र अक्षरशः खरा होता. नाव बरोबर घेतलं गेलं आणि तरीही ते कुणी ऐकलं नाही, याची सल मला आजही आहे.

दम लागण्याचंही तसंच. गरोदरपणात प्रत्येकीचा श्वास खोल होतो, संप्रेरकांमुळे तो तसा होतोच, आणि जिना चढताना धाप लागते. ही नेहमीची धाप. पण आडवं झालं की दम लागत असेल, रात्री खोकल्याने जाग येऊन उठून बसावं लागत असेल, तर ते हृदयाच्या झडपेचं दुखणं असू शकतं. लहानपणी सांधे सुजून ताप आलेला असतो, त्यात झडप आखडलेली असते, आणि ते पहिल्यांदा उघड होतं गरोदरपणात, कारण वाढलेलं रक्त त्या अरुंद दारातून जाईनासं होतं. अशा बाईला दमा म्हणून महिनोन्‌महिने वाफ देत राहिल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला असेल तर बेडका तपासलाच पाहिजे, तो क्षय असू शकतो. डॉक्टर आनंदीबाई जोशी वयाच्या एकविसाव्या वर्षी, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने गेल्या. चौदाव्या वर्षी त्यांनी आपलं दहा दिवसांचं बाळ गमावलं होतं आणि फिलाडेल्फियात पदवीसाठी प्रबंध लिहिला तोही प्रसूतिशास्त्रावरच. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. आज ते गरोदरपणातही देता येतं.

आणि दमाचं सर्वांत मोठं कारण आपल्याकडे अजूनही पांढरं पडलेलं रक्त हेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात ४५.७ टक्के. या रक्तक्षयाशी मुंबईचं जुनं नातं आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरणीतल्या गरीब कामगार बायका गरोदरपणात फिक्या पडत, धापा टाकत आणि दगावत. त्या काय खातात याचा विल्सबाईंनी माग काढला, आणि पावाबरोबर खायच्या यीस्टच्या एका स्वस्त अर्काने त्या बायका उठून बसतात हे १९३१ मध्ये छापून आणलं. त्या अर्कात काय आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. दहा वर्षांनी ते पालकाच्या भाजीतून वेगळं काढलं गेलं आणि त्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळालं. उपकेंद्रावर मिळणाऱ्या लाल गोळीत लोहाबरोबर तेच असतं. ती गोळी परळच्या बायकांची देणगी आहे, असं मी प्रत्येकीला सांगते. चहाबरोबर ती घेऊ नका आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. भाजकी माती, राख, खडू खावासा वाटत असेल तर तो नुसता डोहाळा समजू नका, रक्त तपासा.

चेहऱ्याला आणि हातांना सूज आली, बांगड्या घट्ट झाल्या, तर ‘काहीतरी ॲलर्जी झाली’ म्हणून गोळी घेऊन झोपू नका. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, बरगड्यांखाली दुखतंय, यांतलं काही सोबत असेल तर त्याच तासाला रक्तदाब बघा. १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर दवाखाना गाठा. आणि शिंकांबरोबर ताप असेल तर ती ॲलर्जी नव्हे. ॲलर्जीने ताप येत नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूने गरोदर स्त्रियांना इतरांपेक्षा कितीतरी जास्त घेरलं होतं. फ्लूवरचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर सर्वांत चांगलं लागू पडतं, आणि ते या दिवसांत देता येतं.

एक गोष्ट उरली. ती सभेत बोलायची नसते असं मला माझ्या सुरुवातीच्या काळात सांगितलं गेलं होतं. सातव्या-आठव्या महिन्यात जोराची शिंक आली की लघवी सुटते. शिंकांच्या ऋतूत दिवसातून दहा वेळा सुटते. बाई लुगडं बदलते, लाजते, पाणी पिणं कमी करते, आणि पाणी कमी केल्याने लघवीचा संसर्ग ओढवून घेते. तो संसर्ग अंगावर काढला तर प्रसूती वेळेआधी होऊ शकते. पाहा, एका शिंकेपासून आपण कुठवर आलो. हे कोणत्याही तपासणी कार्डावर विचारलेलं नसतं. नर्सबाई विचारत. सगळ्यांसमोर नाही, बाईला पाणी द्यायच्या निमित्ताने आत नेऊन. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरायचा व्यायामही त्याच शिकवत आणि शिंक यायच्या आधी ते स्नायू आवळायला सांगत. पोटात बाळ आहे म्हणून शिंक दाबू नकोस, शिंकेने बाळाला काही होत नाही, हेही त्याच सांगत, कारण शिंकेने बाळ हलतं या धास्तीने नाक दाबून धरणाऱ्या बायका मी स्वतः पाहिल्या आहेत.

त्यांच्या निवृत्तीनंतर उपकेंद्राची जुनी पुस्तकं रद्दीत चालली होती, त्यांतलं एक मी मागून घेतलं. सरकारी नमुन्यातली वही. सगळ्या रकान्यांच्या शेवटी बाईंनी स्वतः पट्टीने रेघ मारून एक जादा रकाना आखला आहे. वर लिहिलंय, ‘पुन्हा विचारलं’. खाली तारखा. ज्या बाईने ‘काही नाही’ म्हटलं तिच्या नावापुढे आठवड्याने तारीख आहे, मग पंधरा दिवसांनी आणखी एक. काहींच्या पुढे तीन-तीन तारखा आहेत आणि तिसऱ्या तारखेशेजारी बारीक अक्षरांत दोन-दोन शब्द आहेत. ‘पायाला खाज.’ ‘रात्री बसून झोपते.’ ‘पंप बंद केला.’ ‘माती खाते.’

ती वही आज इथे टेबलावर ठेवली आहे, ज्यांना पाहायची असेल त्यांनी पाहावी. मागच्या रांगांत दिवस भरत आलेल्या दोघी-तिघी बसलेल्या मला दिसताहेत. व्याख्यान संपल्यावर वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी तासभर थांबणार आहे. रक्तदाबाचं यंत्र आणि बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र बरोबर आणलं आहे, आणि खोलीला दार आहे.